बागेतली अडीच मीटरची खोली

लंडनच्या वायव्येला हॅरो, पिनर, वेम्बली ही उपनगरं दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फोफावली. मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेकडेनं जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढं लहानसं अंगण, मागं लांबट बाग. त्या बागेच्या टोकाला अवजारांची लाकडी शेड असायची, एखाद्याकडे टोमॅटोचं काचघर. २०२० मध्ये कोविडनं सगळ्यांना घरी बसवलं, जेवणाच्या टेबलावर दोन-दोन लॅपटॉप आले, आणि शेडच्या जागी गार्डन रूम उभ्या राहू लागल्या. सपाट छप्पर, थंडी अडवणाऱ्या जाड भिंती, बागेच्या बाजूला काचेची मोठी सरकती दारं. कुणाचं ऑफिस, कुणाची व्यायामाची जागा, कुणाची तबल्याची खोली.

मूळची नाशिकची एक आर्किटेक्ट बरीच वर्षं याच पट्ट्यात काम करते. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तिनं स्वतःचं छोटं ऑफिस काढलं आणि आता तिच्याकडचं निम्मं काम या खोल्यांचं असतं. मराठी कुटुंबं एकमेकांच्या सांगण्यावरून तिच्याकडे येतात. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: “परवानगी लागत नाही ना?” त्याला ती लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी दोन गोष्टी विचारते. खोलीत करणार काय? आणि घर कोणत्या साली बांधलंय?

दुसरा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटतो. त्याचं कारण कायद्याच्या इतिहासात आहे. १९४७ चा टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग अ‍ॅक्ट १ जुलै १९४८ रोजी अमलात आला आणि जमिनीची मालकी व तिच्यावर बांधण्याचा हक्क या दोन गोष्टींची तिथं फारकत झाली. जमीन तुमची, पण बांधायचं तर परवानगी घ्यायची. आता प्रत्येक कोंबड्यांच्या खुराड्यासाठी अर्ज करायला लावला तर कौन्सिलांना दुसरं काम उरणार नाही. म्हणून किरकोळ बांधकामांना सरकार एका आदेशानं सरसकट परवानगी देऊन टाकतं. याला तिथं परमिटेड डेव्हलपमेंट म्हणतात. इंग्लंडमध्ये सध्या २०१५ चा आदेश लागू आहे आणि गार्डन रूम त्यातल्या ‘क्लास ई’ या कलमात बसते.

इथंच बहुतेकांची गल्लत होते, असं तिचं निरीक्षण आहे. परवानगी लागत नाही असं नसतं. ती आधीच दिलेली असते, आणि अटींसकट दिलेली असते. एक अट मोडली की ती परवानगी त्या बांधकामाला लागूच होत नाही. खोली चार बोटं उंच झाली, तर बेकायदा फक्त वरची चार बोटं ठरत नाहीत.

घराच्या सालाचा संबंध पहिल्याच अटीशी येतो. मूळ घर सोडून आवारात जी मोकळी जागा उरते, तिच्या निम्म्याहून जास्त भाग बांधकामांनी व्यापता कामा नये. मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी जसं होतं तसं. त्यानंतर बांधलेलं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. हॅरोतल्या १९३० च्या दशकातल्या एका घरात आधीच्या मालकानं स्वयंपाकघर मागं वाढवलेलं होतं, बाजूला गॅरेज होतं, कोपऱ्यात शेड. नव्या मराठी मालकांच्या लेखी हे सगळं ‘घर’ होतं. कायद्याच्या लेखी ते सगळं त्या निम्म्या हिश्श्यात मोजायचं होतं. तिनं मोजणी करून दाखवली तेव्हा ठरवलेली खोली बसत नव्हती. शेड पाडली, खोलीची लांबी कमी केली, मग हिशेब जमला.

त्या घरी पुण्याहून आलेले आजोबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “इथं एफएसआय किती?” एफएसआय नसतोच, हे कळल्यावर त्यांना नवल वाटलं. खरं तर दोन्हीकडचे कायदे एकमेकांचे नातलग आहेत. ब्रिटनमध्ये १९०९ साली नगररचनेचा पहिला कायदा झाला, त्यापाठोपाठ १९१५ साली मुंबई इलाख्यात भारतातला पहिला आला. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातली ‘विकास’ या शब्दाची व्याख्या वाचली तर तिच्यावर ब्रिटिश कायद्याची छाप दिसते: जमिनीवर, जमिनीखाली किंवा वर केलेलं बांधकाम, आणि वापरात केलेला महत्त्वाचा बदल. आजोबांनी नोकरीभर ती व्याख्या वापरली होती. तिच्यातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे वापर, इंग्लंडात किती गंभीरपणे घेतला जातो, हे त्यांना पुढं समजणार होतं.

मापांचा भाग त्या मानानं सरळ आहे. खोली एकमजलीच हवी. घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढं ती येता कामा नये. पागोळीची उंची अडीच मीटरपर्यंत. दोन्ही बाजूंनी उतरतं छप्पर असेल तर एकूण उंची चार मीटर, इतर छपरांना तीन. पण खोलीचा कुठलाही भाग कुंपणापासून दोन मीटरच्या आत आला, तर संपूर्ण खोलीची उंची अडीच मीटरच्या आत ठेवावी लागते. उपनगरातल्या बागांची रुंदी पाहता कुंपणापासून दोन-दोन मीटर सोडणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळं तयार खोल्या विकणाऱ्या कंपन्यांचा माल बहुधा अडीच मीटरच्या आत बसेल असाच असतो. त्यातून खालची जमीन आणि वरचं छप्पर यांची जाडी वजा केली की पंख्याला जागा उरत नाही. “पंखा लावता येईल ना?” हा प्रश्न तिला फक्त भारतीय घरांत ऐकू येतो.

अडीच मीटर मोजायचे कुठून, यावरून मात्र शेजाऱ्यांत भांडणं होतात. नियम असा की खोलीला लागून असलेली जमीन उंचसखल असेल, तर सर्वांत उंच भागापासून मोजायचं. तिच्या एका कामात बाग एका बाजूला चांगलीच उतरती होती. उताराकडच्या शेजाऱ्यानं स्वतः टेप लावून पाहिलं, उंची तीन मीटरच्या आसपास भरली, त्यानं कौन्सिलकडे तक्रार केली. एन्फोर्समेंट अधिकारी आला, त्यानं वरच्या बाजूनं मोजलं आणि प्रकरण बंद झालं. याचा अर्थ भर टाकून जमीन उंचावून घ्यावी असा नाही. जमिनीवर नंतर घातलेलं लाकडी डेकिंग वगैरे मोजमापात धरत नाहीत, आणि मातीचे ढीगही अधिकाऱ्यांना ओळखता येतात.

खोलीपुढं बसायला छोटा ओटा हवा, ही मराठी घरांतली आणखी एक मागणी. वरून सावली असेल तर दुधात साखर. तिला नाही म्हणावं लागतं. तीस सेंटिमीटरपेक्षा उंच चौथरा, व्हरांडा किंवा बाल्कनी आली की क्लास ईचं छत्र जातं. ओटा पायरीइतका ठेवायचा, नाहीतर रीतसर अर्ज करायचा.

काही घरांना ही सरसकट परवानगी नसतेच. फ्लॅट आणि मेझोनेटना ती लागू नाही. वारसा यादीतल्या इमारतीच्या आवारात नाही. ऑफिसचं किंवा धान्याच्या कोठाराचं रूपांतर करून झालेल्या काही घरांनाही नाही. नॅशनल पार्क किंवा निसर्गसौंदर्यासाठी राखलेल्या प्रदेशात घरापासून वीस मीटरपलीकडं सगळी मिळून दहा चौरस मीटरच बांधता येतात. जुन्या वस्त्यांचे जे भाग संरक्षित आहेत, तिथं घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात बांधता येत नाही. शिवाय ‘आर्टिकल ४’ खाली कौन्सिल एखाद्या भागातले असे हक्क काढून घेऊ शकते. गंमत म्हणजे ज्याला सगळे घाबरतात तो ग्रीन बेल्ट, म्हणजे शहरांभोवतीचा राखीव मोकळा पट्टा, या यादीत नाही.

आयटीतल्या तरुण जोडप्यांना सर्वांत जास्त फटका बसतो तो नव्या वसाहतींमध्ये. रेडिंग किंवा मिल्टन कीन्सकडची नवी कोरी घरं, बागा टीचभर. बिल्डरला वसाहतीची परवानगी देतानाच कौन्सिल कधीकधी एक अट घालते की पुढच्या घरमालकांना परमिटेड डेव्हलपमेंटचे हक्क राहणार नाहीत. ही अट घराच्या चकचकीत माहितीपत्रकात छापलेली नसते. त्यामुळं आर्किटेक्ट काम घेतल्याबरोबर कौन्सिलच्या संकेतस्थळावर वसाहतीचा मूळ परवानगी आदेश उघडते आणि अटी एकेक करून वाचते. गिऱ्हाइकानं खोलीची आगाऊ रक्कम भरल्यानंतर ही अट सापडणं, हा तिच्या कामातला नेहमीचा वाईट क्षण आहे.

पण मापं आणि नकाशे हा तिच्या मते सोपा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग तिच्या पहिल्या प्रश्नात आहे: आत करणार काय?

क्लास ईखाली बांधलेली खोली घरातल्या राहणीला पूरक अशा कामासाठीच हवी. ऑफिस, व्यायाम, छंद, वाद्यांचा रियाज, देवघर, अडगळ, हे सगळं चालतं. झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर अशी मुख्य राहणीची जागा चालत नाही. सरकारी मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि मराठी कुटुंबांना नेमकी तीच हवी असते. आईवडील व्हिजिटर व्हिसावर येतात, सहा महिन्यांपर्यंत राहू शकतात, घरात तीन लहान खोल्या, मुलांच्या परीक्षा. बागेत एक खोली झाली तर सगळ्यांचीच सोय. “आम्ही कागदावर ऑफिस दाखवू, मग कोण बघायला येतंय?” हे वाक्य तिनं अनेक सज्जन, कर भरणाऱ्या, सिग्नल न तोडणाऱ्या माणसांकडून ऐकलं आहे.

वापराला इतकं महत्त्व कशाला, असं कुणी विचारलं की ती लंडनमधल्या एका मराठी वास्तूचा दाखला देते. प्रिमरोझ हिलजवळच्या १० किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि स्मारक केलं. घराचं संग्रहालय करणं हा वापरातला बदल होता आणि त्याची परवानगी घेतलेली नव्हती. नंतर केलेला अर्ज कॅम्डेन कौन्सिलनं २०१८ मध्ये फेटाळला. काही शेजाऱ्यांची वर्दळीबद्दल तक्रार होती. अपील झालं, जाहीर चौकशी झाली, आणि अखेर मार्च २०२० मध्ये मंत्र्यांच्या निर्णयानं परवानगी मिळाली. ज्या घरामागं सरकार आहे आणि बाबासाहेबांचं नाव आहे, त्यालाही वापराचा प्रश्न चुकला नाही, मग आपली बागेतली खोली कोण सोडणार?

‘पूरक’ म्हणजे किती, याचं माप टेपवर नसतं. ते न्यायालयांच्या निकालांतून घडत आलं आहे. वेल्समधल्या एका बाईंनी हौस म्हणून घरी ४४ कुत्री पाळली होती. न्यायालयाचं म्हणणं पडलं की इतकी कुत्री ही घराच्या नेहमीच्या उपभोगाची गोष्ट राहत नाही. १९८९ च्या दुसऱ्या एका निकालानं सांगितलं की इमारतीचा आकार विचारात घ्यावा, पण निव्वळ आकारावर निकाल लावू नये. आणि मालकाची मर्जी हाही पुरेसा आधार नाही. म्हणून घराएवढी मोठी ‘छंदाची खोली’ मागणाऱ्याला ती सांगते, आत काय काय ठेवणार त्याची यादी आणि मांडणी नकाशावर दाखवू. बिलियर्डचं टेबल किती जागा घेतं हे अधिकाऱ्याला दिसलं पाहिजे.

व्यवसायाचंही तसंच. एकट्यानं लॅपटॉपवर काम करणाऱ्याला कुणी हटकत नाही. तिच्या ओळखीतल्या एका भरतनाट्यम शिक्षिकेनं मात्र बागेतल्या खोलीत शनिवारचे वर्ग सुरू केले. मुली वाढल्या, त्यांना सोडायला येणाऱ्या गाड्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना लागू लागल्या, नट्टुवांगमच्या टाळांचा आवाज कुंपणापलीकडं जाऊ लागला. खोली मापात होती. तक्रार आली ती वर्दळीची, आणि कौन्सिलनं विचारलं की हे अजून घर आहे की शाळा? वर्ग जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये गेले. खोलीत आता फक्त शिक्षिकेचा स्वतःचा रियाज होतो.

“कोण बघायला येतंय” याचं एक उत्तर लंडनजवळच्या स्लाव या शहरानं २०१३ मध्ये दिलं. बागांतल्या शेडमध्ये भाडेकरू ठेवण्याचे प्रकार तिथं इतके वाढले होते की कौन्सिलनं उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेलं विमान शहरावरून उडवलं. ज्या शेडमध्ये माणसं झोपतात ती हिवाळी रात्री गरम दिसते. संशय घ्यावा अशा सुमारे सहा हजार जागा त्यात निघाल्या. सगळ्याच बेकायदा होत्या असं नाही, पण त्या भागात आजही गार्डन रूममध्ये न्हाणीघर दाखवलं की अधिकाऱ्याची भुवई उंचावते. बाकी ठिकाणी विमानाची गरज पडत नाही. शेजारी पुरतो.

परवानगीशिवाय बांधलं म्हणून लगेच गुन्हा होत नाही, हे ऐकून लोकांना धीर येतो. वारसा इमारती वगळता ते खरं आहे. कौन्सिल नंतर अर्ज करायला सांगू शकते, पटलं नाही तर एन्फोर्समेंट नोटीस काढते, आणि ती नोटीस पाळली नाही की गुन्हा होतो. पूर्वी चार वर्षं कुणी हरकत घेतली नाही तर बांधकाम कारवाईतून सुटायचं. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ही मुदत दहा वर्षांची झाली आहे. त्याआधी पुरं झालेल्या बांधकामांना जुना हिशेब लागू आहे. लपवून ठेवलेल्या बांधकामाला तर मुदतीचा फायदाच मिळत नाही. सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्यानं गवताच्या गंजीआड बुरुजांसकट अख्खा वाडा बांधला, तो चार वर्षं झाकून ठेवला आणि २००६ मध्ये गंज्या हलवल्या. मुदत संपली असा त्याचा दावा होता. न्यायालयानं तो मानला नाही आणि २०१६ मध्ये त्याला स्वतःचा वाडा स्वतः पाडावा लागला.

प्लॅनिंगपलीकडं बांधकामाचे नियम वेगळे असतात. झोपायची सोय नसलेली पंधरा चौरस मीटरपर्यंतची खोली त्यांतून सुटते. पंधरा ते तीसमधली सुटते, पण कुंपणापासून मीटरभर लांब हवी किंवा मुख्यतः न जळणाऱ्या मालाची हवी. विजेची नवी लाइन नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून टाकून घ्यायची, नाहीतर त्या कामाची कौन्सिलला आधी सूचना द्यायची. जमिनीखालून सार्वजनिक सांडपाण्याची नळी जात असेल तर पाणी कंपनीची संमती, संरक्षित झाड असेल तर कौन्सिलची. खरेदीखतात एखादी जुनी बंधनकारक अट असेल तर तिचा प्रश्न प्लॅनिंगनं सुटत नाही. ही यादी ती कंटाळवाण्या सुरात वाचून दाखवते, पण वाचून दाखवतेच.

सगळं नियमात बसलं तरी ती प्रत्येकाला लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट घ्यायला लावते. ते सक्तीचं नाही. फी रीतसर अर्जाच्या निम्मी असते, आणि शेजाऱ्यांना आवडतं की नाही हा प्रश्नच त्यात येत नाही. बांधकाम कायद्यात बसतं का, एवढंच कौन्सिल तपासते. त्याचं मोल कळतं ते घर विकताना. घेणाऱ्याचा वकील बागेतल्या खोलीचा कागद मागतो, आणि त्या वेळी कपाटातून तो काढून देता आला नाही तर व्यवहार आठवडेच्या आठवडे अडतो.

हॅरोतल्या त्या कुटुंबाला शेवटी आईवडिलांसाठीच जागा हवी होती. तिनं त्यांना ऑफिसचा बहाणा करू दिला नाही. घरगुती बांधकामाचा रीतसर अर्ज केला. त्यात झोपायची खोली आणि न्हाणीघर उघडपणे दाखवलं, स्वतंत्र स्वयंपाकघर ठेवलं नाही, वीज-पाणी मुख्य घरातूनच घेतलं. शेजाऱ्यांना म्हणणं मांडायला एकवीस दिवस मिळाले. एका शेजारणीनं खिडकी तिच्या बागेवर येते म्हणून हरकत घेतली. खिडकी दुसऱ्या भिंतीत नेली. अशा अर्जावर आठ आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. परवानगी मिळाली, एका अटीवर: ही जागा मुख्य घराचा भाग म्हणूनच वापरायची, वेगळी भाड्यानं द्यायची नाही की विकायची नाही. आजोबांनी आदेशाची प्रत मागून घेतली, अटींखाली पेन्सिलनं रेघा मारल्या आणि म्हणाले, “आमच्याकडे पण अशाच भाषेत लिहायचो.”

प्रत्येक अर्जाचा असा शेवट होत नाही. बाग फार लहान असली, खोली शेजाऱ्याच्या खिडकीला खेटून असली, किंवा अधिकाऱ्याला तिच्यात दुसरं बिऱ्हाड दिसलं, की नकार येतो. तरीही खोटा वापर दाखवून घेतलेल्या सोयीपेक्षा खरा वापर सांगून घेतलेला नकार तिला बरा वाटतो. नकारावर अपील करता येतं, नकाशा बदलून पुन्हा अर्ज करता येतो. कागदावर ऑफिस आणि आत पलंग असेल तर दहा वर्षं प्रत्येक शेजाऱ्याशी गोड बोलत राहावं लागतं.

इंग्लंडात घर घेतलेल्या मराठी वाचकांनी, विशेषतः नव्या वसाहतीत घेतलेल्यांनी, गार्डन रूमच्या जाहिरातीवरचा नंबर फिरवण्याआधी आपल्या घराचा मूळ परवानगी आदेश कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधून वाचावा आणि खोलीत कोण झोपणार आहे का, याचं खरं उत्तर आर्किटेक्टला द्यावं. घर स्कॉटलंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंडमध्ये असेल, तर वर दिलेली मापं वापरू नयेत. तिथले नियम वेगळे आहेत.